खिडकीतून धरलेली जागा

माझ्या सुनेची सगळी मूळ प्रमाणपत्रं मी स्वतःच्या हाताने एसटीच्या खिडकीतून आत टाकली आणि नेम अचूक लागला. फोल्डर बरोब्बर तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या सीटवर जाऊन पडलं. पुढे जे झालं त्यात माझ्या नेमाचा काही दोष नाही.

मी बत्तीस वर्षं नाशिकमध्ये इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले, पण नुसती कागदावर. भाजीवाल्याने ‘मॅडम, टोमॅटो फ्रेश आहे’ म्हटलं तरी मी ‘आहेत’ करून घेते आणि मगच पिशवी पुढे करते. घरात शिकवायला उरलं होतं कोण? मुलगा प्रसाद माझ्या हातून केव्हाच सुटला होता. राहिली सून, रूपाली.

रूपाली पिंपळगाव बसवंतची. बी.ए., बी.एड., हुशार, कष्टाळू. मुलांना असं शिकवते की शेजारची दोन पोरं स्वतःच्या आया सोडून हिच्याकडे येऊन पाढे म्हणतात. पण मुलाखतीत कोणी इंग्रजीत काही विचारलं की तिच्या घशात काहीतरी अडकायचं. दोन शाळांनी तिला तेवढ्यावरूनच परत पाठवलं होतं. आता सिन्नरच्या एका शाळेतून बोलावणं आलं होतं. सकाळी अकरापासून मुलाखती, बारानंतर कोणाचाही विचार नाही, आणि मूळ प्रमाणपत्रं दाखवल्याशिवाय आत प्रवेश नाही, असं पत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं.

“आई, या वेळी नाही झालं ना, तर मी बी.एड. विसरून जाणार,” ती आदल्या आठवड्यात म्हणाली होती. “सरळ माहेरी द्राक्षांच्या पॅकहाउसला जाऊन हजेरी मांडत बसेन. तिथं कोणी इंग्रजीत विचारत नाही.”

हे ती हसून म्हणाली, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. पोरगी गुणाची आहे हो. मी तोंडावर कधी म्हणत नाही, एवढंच.

नाशिकहून सिन्नरला रोज येणारी बाई म्हटल्यावर तिला पहिला प्रश्न काय विचारणार? ‘शाळेत कशा याल?’ आधीच्या दोन्ही ठिकाणी हाच प्रश्न आला होता आणि रूपालीने एकदा ‘विथ बस’ आणि एकदा ‘फ्रॉम बस’ असं उत्तर दिलं होतं. समोरचे लोक एकमेकांकडे बघून हसले होते. ते हसू मला फार लागलं होतं. म्हणून मी कंबर कसली. आठ दिवस घरात दुसरा विषय नव्हता. ज्या वाहनात माणूस ताठ उभा राहू शकतो त्याला ‘ऑन’. ज्यात वाकून शिरावं लागतं त्याला ‘इन’. आणि नुसतं कशाने आलात एवढंच सांगायचं असेल तर ‘बाय’. पायी मात्र ‘ऑन फूट’. रूपाली पोळ्या लाटताना म्हणायची, ‘ऑन द बस, इन द रिक्षा, ऑन द स्कूटर.’ प्रसाद तर सकाळी चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी बाहेर पडायचा, कारण ‘कशाने चाललास?’ असं मी दारातच विचारायचे आणि उत्तर इंग्रजीत मागायचे.

तर तो दिवस. पावणेनऊला आम्ही स्टँडवर. माझ्या अंगावर कडक इस्त्रीची साडी, रूपालीच्या हातात डबा आणि पर्स, आणि फोल्डर माझ्याकडे. (“दे, मी धरते. तू धांदरट आहेस,” असं मीच म्हणाले होते. या वाक्याची आठवण आमच्या घरात अजूनही अधूनमधून काढली जाते.) तेवढ्यात ‘सिन्नर’ पाटीची गाडी आत वळली आणि सगळा स्टँड तिच्याकडे धावला.

आता एसटीत जागा कशी धरतात हे मी कोणाला सांगायला नको. गाडी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकायचा. पण मागच्याच महिन्यात सीटवरचा माझा रुमाल एका बाईने उचलून, त्याने कपाळ पुसून, माझ्या हातात परत दिला होता. तेव्हापासून रुमालावरचा माझा विश्वास उडाला. रुमालाला कोणी भीत नाही. पण फाईल म्हटली की माणूस दचकतो. सरकारी असेल, साहेबाची असेल, उगाच कशाला हात लावा! हा माझा सिद्धांत. मी त्रेसष्टाव्या वर्षी टाचा उंचावल्या आणि फोल्डर आत टाकलं.

“आई, अहो, ते...” रूपाली म्हणाली.

“आता बघ, कोणी बसतंय का तिथे.”

दाराशी उतरणाऱ्यांची ही गर्दी. तेवढ्यात प्रसादचा फोन आला. रूपालीने सराव म्हणून त्याला इंग्रजीतच सांगितलं, “येस, वुई आर इन द बस.”

इन! आठ दिवसांची मेहनत गेली कुठे? आणि गंमत म्हणजे आम्ही अजून बसमध्ये चढलोही नव्हतो, पण ती चूक मला दिसली नाही. मला फक्त ‘इन’ दिसलं. मी तिचा दंड धरला, गर्दीतून बाजूला खांबाजवळ नेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

“बसमध्ये उभं राहता येतं की नाही?”

“येतं.”

“मग?”

“ऑन. आई, गाडी...”

“गाडी कुठे जात नाही. आपली जागा धरलेली आहे. रिक्षात उभं राहता येतं का?”

मागे कंडक्टर घसा ताणून ओरडत होता, “ओझर, पिंपळगाव! चला, ओझर, पिंपळगाव!” मला वाटलं, शेजारच्या गाडीचा असेल. मी मागे वळून त्याला चांगलं झापलं, “अहो, जरा दोन मिनिटं गप्प बसा. इथे आम्ही काही महत्त्वाचं बोलतोय.” तो बिचारा खरंच गप्प बसला. आत गेला, दोनदा घंटी दिली, आणि गाडी सुटली.

मी हात वर करून चार पावलं धावले. (मी ‘धावले’ म्हणते. रूपालीच्या मते मी फक्त साडी वर धरली.)

“घाबरू नकोस,” मी म्हणाले. “गाडी सिन्नरला चाललीय, आपणही सिन्नरलाच चाललोय. मागच्या गाडीने जाऊ आणि स्टँडवरून उचलू.”

रूपालीचा चेहरा पांढरा पडला होता. चौकशीच्या खिडकीवर एक गृहस्थ चहा पीत बसले होते. मी त्यांना विचारलं, आत्ता गेलेली सिन्नर गाडी किती वाजता पोचेल?

“सिन्नर? ती सिन्नरहून आली होती, बाई. आता पिंपळगावला गेली. इथे पाटी बदलली की.”

“कधी बदलली?”

“तुम्ही त्या खांबाजवळ शिकवत होतात ना, तेव्हा,” ते म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

सिन्नर एका टोकाला, पिंपळगाव दुसऱ्या. घड्याळात नऊ वाजत आले होते. दहावीपासून बी.एड.पर्यंतचा सगळा जन्म त्या पोरीचा तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसून उलट्या दिशेने निघाला होता. मी तोंड उघडलं, पण मराठीही सुचेना.

रूपाली मला एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. तिने फोन काढला आणि भावाला, संतोषला लावला. संतोष पिंपळगावला पॅकहाउसचा टेंपो चालवतो. द्राक्षं भरायची रिकामी खोकी सिन्नरच्या एमआयडीसीतून येतात, ती आणायला तो दर दोन दिवसांनी जातो, हे मला प्रसादचं लग्न झाल्यापासून माहीत होतं. त्याचा काही उपयोग होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

“दादा, आज खोकी आणायला चाललाय का रे?... निघू नको. थांब. स्टँडवर जा. आत्ता नाशिकची गाडी येईल, तिच्यात माझी फाईल हे... अरे सगळी! सगळीच्या सगळी!... नाय, मी नाय टाकली.” इथे तिने माझ्याकडे पाहिलं. “पडली.”

‘पडली’ म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते दाखवायची ती वेळ नव्हती.

पुढचा पाऊण तास आम्ही स्टँडच्या बाकावर होतो. ती गाडी आता कुठे असेल, ओझरला किती माणसं चढली असतील, एखाद्याने फाईल खाली टाकली असेल, कोणी तिच्यावर डबा ठेवून खाल्ला असेल, लोणच्याचं तेल बी.एड.च्या गुणपत्रिकेवर... मी सगळं बघत होते. रूपाली समोर बघत होती. “पाणी पितेस?” मी तीनदा विचारलं. क्षमा मागायला मला तेवढंच वाक्य येत होतं.

दहाला पाच मिनिटं असताना फोन वाजला. रूपालीने स्पीकर लावला. संतोषचा आवाज, मागे स्टँडचा कालवा.

“अगं, फाईल हाय. जागेवर हाय. पण कंडक्टर देत नाय.”

“जागेवर म्हणजे?” मी विचारलं.

“सीटवरच. मावशी, पूर्ण रस्ता ती सीट रिकामी आली. लोक उभे होते, पण कोणी बसलंच नाय. सगळ्यांना वाटलं, तपासणीच्या साहेबांची फाईल हाय.”

मी खोटं कशाला बोलू, त्या अवस्थेतही मला क्षणभर बरं वाटलं. सिद्धांत खरा ठरला होता. मग संतोष म्हणाला, ओझरपासून एक म्हातारेबाबा तिच्याशेजारी उभ्याने आले, आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं.

“कंडक्टरला फोन दे,” मी म्हणाले. रूपाली “आई, मी बोलते” म्हणत होती, पण अशा वेळी वजन पाडायला काय लागतं हे मला बत्तीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. मी फोन हिसकावला आणि खणखणीत इंग्रजीत सुरू केलं. हे अत्यंत गंभीर प्रकरण आहे, ती कागदपत्रं ताबडतोब त्या गृहस्थांच्या स्वाधीन करावीत, वगैरे वगैरे. माझं एकही शब्दयोगी अव्यय चुकलं नाही.

पलीकडून आवाज आला, “मघाशी मला गप्प बसवलं त्या तुम्हीच का मॅडम?”

“हो,” मी मराठीत म्हणाले.

“प्रकरण गंभीर असेल तर मग मला असं हातात देताच येणार नाही. मी इथे कंट्रोलरकडे जमा करतो. तुम्ही स्वतः या, ओळखपत्र दाखवा, अर्ज लिहा, सही करा, घेऊन जा. तीन मिनिटांनी माझी गाडी पुढच्या गावाला सुटते.”

तो बरोबरच बोलत होता. एखादी वस्तू गाडीत सापडली तर कोणाच्याही हाती का द्यावी? मी माझ्या इंग्रजीने एका विसरलेल्या फोल्डरचं सरकारी प्रकरण करून ठेवलं होतं. अर्ज, सही, ओळखपत्र. बारा तिथेच वाजले असते.

रूपालीने माझ्या हातातून फोन घेतला. हळू घेतला, पण घेतला.

“भाऊ, मी रूपाली. पिंपळगावचीच हे मी. त्या माझ्या सासूबाई, त्यांचं मनावर घेऊ नका, त्या लय घाबरल्यात. भाऊ, बाराला सिन्नरला माझी मुलाखत हे, ही तिसरी. तुम्ही एक करा. फाईल उघडा, वरच्याच अर्जावर माझा फोटो हे. तो बघा, आन् समोर उभा हे त्याच्याकडं बघा. माझा सख्खा भाऊ हे तो.”

मला कागद उलटल्याचा आवाज आला.

“नाक तेच आहे,” कंडक्टर म्हणाला. “घेऊन जा, भाऊ. पण ताई, पुढच्या वेळी जागा धरायला रुमाल टाका.”

आम्ही रिक्षाने हायवेवरच्या द्वारका चौकात गेलो आणि पुलाखाली टेंपोची वाट बघत उभ्या राहिलो. सव्वाअकराला संतोषचा टेंपो आला तेव्हा मी त्या टेंपोला मनातल्या मनात हात जोडले. फोल्डर त्याने शर्टाच्या आत, पोटाशी ठेवलं होतं. ते रूपालीच्या हातात आलं आणि माझा हात सवयीने पुढे झाला.

“दे, मी धरते.”

“नको,” दोघं भाऊबहीण एकदम म्हणाली.

पुढे केबिनमध्ये आम्ही तिघं. मला खिडकी मिळाली. म्हणजे खरं तर दार मिळालं, कारण ते लागत नव्हतं आणि मलाच सिन्नरपर्यंत ओढून धरायला सांगितलं होतं. (“मावशी, दाराचं तेवढं बघा. तिथं टाकाटाकी करायला काय नाय.”) नाशिकरोडला गर्दी. साडेअकरा. संतोष हॉर्नवर हात ठेवून, समोरच्या ट्रकवाल्याला त्याच्या आईबापांवरून काहीबाही बोलला आणि माझ्याकडे बघून गप्प झाला.

“बोल रे,” मी म्हणाले. “आज बोल.”

शिंदे गावाच्या पुढे रस्ता मोकळा लागला तेव्हा रूपाली सकाळपासून पहिल्यांदा आपणहून बोलली.

“आई, टेंपोला काय? इन का ऑन?”

मी तोंड उघडलं. पुढे केबिनमध्ये वाकून शिरलो, म्हणजे इन. पण मागे हौद्यात माणूस उभा राहतो, मग ऑन? आणि मी बसले होते तशी, अर्धी आत आणि अर्धी दाराला लटकून, त्याला काय? बत्तीस वर्षांत मी बस, कार, ट्रेन, विमान, जहाज, घोडासुद्धा शिकवला होता. आमच्या पुस्तकात टेंपो नव्हता.

“मला नाही माहीत,” मी म्हणाले. हे वाक्य मी तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारलं असावं, कारण तिने वळून माझ्याकडे नीट पाहिलं.

“मग मी आपलं ‘बाय टेंपो’ म्हणते,” ती म्हणाली. “त्यात चुकायचं काम नाय.”

शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. वॉचमनने काठी आडवी घातली.

“माल मागच्या गेटने.”

“मी माल नाही,” मी दार सोडून म्हणाले. “मी इंग्रजीची निवृत्त शिक्षिका आहे.” दार सोडल्याबरोबर ते धाडकन उघडलं आणि मी जवळजवळ त्याच्या अंगावर उतरले. त्या गोंधळात रूपाली त्याच्या काठीखालून निसटून आत पळाली. फोल्डर छातीशी धरून, पदर खोचून, सगळं मैदान ओलांडून. ऑन फूट, असं माझ्या मनात आलं आणि मला माझाच राग आला.

मला आत जाऊ दिलं तेव्हा ती मुलाखतीच्या खोलीत गेली होती. दार अर्धवट उघडं. मी बाहेरच्या बाकावर बसले. मुख्याध्यापिकांचा आवाज आला. इंग्रजीत. तोच प्रश्न.

“आज शाळेत कशा आलात?”

मी डोळे मिटले. आणि माझ्या सुनेने सांगायला सुरुवात केली. इंग्रजीतच. सासूबाईंनी फाईल खिडकीतून टाकली, बस पिंपळगावला गेली, शेजारी म्हातारेबाबा उभे राहिले, नाक तेच निघालं. घसा कुठे अडकला नाही. ‘इन’च्या जागी ‘ऑन’, ‘ऑन’च्या जागी ‘टू’, एके ठिकाणी तर बस चक्क बाबांच्या ‘आत’ गेली. मी बोटांवर चुका मोजत होते. दहा बोटं संपली, मी पुन्हा अंगठ्यापासून सुरू केलं, आणि मग ऐकण्याच्या नादात मोजायचं राहून गेलं. आतले लोक खो खो हसत होते. पण मागच्या दोन वेळेसारखे एकमेकांकडे बघून नाही, तिच्याबरोबर हसत होते.

हसणं ओसरल्यावर मुख्याध्यापिकांनी गंभीरपणे विचारलं, “आणि उद्या पुन्हा बस चुकली तर? तीस पोरं वर्गात बसलेली असतील.”

“बाय टेंपो, मॅडम,” रूपाली म्हणाली. “बट आय विल कम.”

आठव्या दिवशी शाळेतून फोन आला. संतोषने पेढ्यांऐवजी द्राक्षांची पेटी आणली आणि वर कोणीतरी मुद्दाम एक कोरा रुमाल घडी घालून ठेवला होता. कोणी, ते मी विचारलं नाही.

आता रूपाली रोज सकाळी सिन्नरला जाते. अधूनमधून मीही तिला सोडायला स्टँडपर्यंत जाते, आणि गाडी आत वळली की माझा हात अजूनही आपोआप शिवशिवतो. तिला ते कळतं. वह्यांची पिशवी, डबा, पर्स, सगळं ती स्वतःच्या दोन्ही खांद्यांना अडकवते. मला वाईट वाटू नये म्हणून माझ्याकडे धरायला पाण्याची बाटली देते.

रिकामी.